बूड टेकेना, चित्त ठरेना

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांचा गड्डा, म्हणजे यात्रा, भरते तेव्हा होम मैदानावर प्रत्येक आई पोराचं मनगट धरून चालते. काही आया जरा जास्तच घट्ट धरतात. हात सुटला की आपलं पोर पाळण्याच्या कठड्यावर नाहीतर फुगेवाल्याच्या मागं धावत गेलेलं असणार, हे त्यांना सवयीनं ठाऊक असतं.

अशा पोराला आपल्याकडं नावांची कमी नाही. हूड, व्रात्य, चळवळ्या, पायाला भिंगरी लागलेलं. डॉक्टर मात्र यातल्या काहींच्या कागदावर एडीएचडी लिहितात, म्हणजे अवधान न टिकणं आणि अतिचंचलता. काहींच्याच, सगळ्यांच्या नव्हे.

पूर्व भागातलं एखादं घर डोळ्यांपुढं आणा. पुढच्या खोलीत यंत्रमागाची खडखड, मागच्या खोलीत तिसरीतला मुलगा हातच्याच्या वजाबाक्या घेऊन बसलाय. पहिली होते. मग तहान लागते. मग खोडरबर सापडत नाही. ते कपाटाखाली शोधताना हरवलेली गोटी हाती लागते आणि गणित तिथंच संपतं. आई तीनदा ओरडते, चौथ्यांदा धपाटा घालते. आजी आतून म्हणते, "त्याला कशाला मारतीस? ह्याचा बापबी असाच होता की!"

आजीचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांनुसार एडीएचडीच्या बाबतीत मुलामुलांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ७४ टक्के वाटा आनुवंशिकतेचा असतो. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या फिलिप शॉ यांच्या गटानं मुलांच्या मेंदूची छायाचित्रं अनेक वर्षं घेऊन ताडून पाहिली. मेंदूच्या बाह्य आवरणाची वाढ इतर मुलांत साधारण साडेसातव्या वर्षी जिथं पोचली, तिथं पोचायला एडीएचडी असलेल्या मुलांना साडेदहा वर्षं लागली. सर्वांत मागं होता तो कपाळामागचा भाग. थांबणं, आखणं, मोह आवरणं ही त्याचीच कामं.

"मग मोबाइलवर तासभर कसा बसतो?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि तो रास्त आहे. मोबाइलचं बक्षीस क्षणाक्षणाला मिळतं. वजाबाकीचं मिळालंच तर शनिवारी, वही तपासून आल्यावर. या मुलांकडं लक्ष असतं, पण ते हवं तिथं वळवता आणि रोखून धरता येत नाही. विकाराचं नावच थोडं फसवं आहे.

मोबाइलमुळंच हे खूळ आलं, असंही म्हणतात. पण फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमान यांच्या १८४० च्या दशकातल्या बालपुस्तकात जेवणाच्या टेबलावर चुळबुळ करता करता टेबलक्लॉथसकट पडणारा फिलिप आहे. १९०२ मध्ये लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली. आजच्या अंदाजानं जगातल्या सुमारे ५ टक्के मुलांना हा त्रास आहे. चाळीसांच्या वर्गात दोघं.

ही दोघं ओळखायची कशी? रक्ताची तपासणी नाही, एमआरआयवरही निदान होत नाही. लक्षणं बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली हवीत, निदान सहा महिने टिकलेली हवीत, आणि घर, शाळा, शेजार यांपैकी किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. शाळेत उच्छाद आणि घरी शांत, असं असेल तर आधी शाळेत काय चाललंय ते बघावं. ऐकू कमी येणं, चष्मा लागणं, झोप अपुरी असणं, क्षणभर भान हरपणारी फिट येणं यांतूनही मूल हरवल्यासारखं दिसतं.

सोलापुरात आणखी एक गोष्ट तपासायला हवी. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारं मूल मराठी शाळेत पहिलीला बसतं. बाईंचं निम्मं बोलणं डोक्यावरून गेल्यावर ते खिडकीबाहेर बघणार नाही तर काय करणार?

वयाचीही गंमत आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, जिथं प्रवेशाची सीमा ३१ डिसेंबर आहे, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांवर जानेवारीतल्यांपेक्षा एडीएचडीचा शिक्का ३० टक्के अधिक वेळा बसलेला आढळला. वर्गातलं सर्वांत लहान पोर आजारी ठरत होतं. महाराष्ट्रातही पहिलीच्या प्रवेशासाठी वय ३१ डिसेंबरलाच मोजतात.

मुलींचं उलटं होतं. उड्या न मारणारी, वहीच्या कडेला फुलं काढत बसणारी मुलगी 'वेंधळी' ठरून सुटते, आणि उपचारांतूनही सुटते.

सहा वर्षांखालच्या मुलांना आधी औषध देत नाहीत, आईवडिलांनाच शिकवतात. एका वेळी एकच सूचना, जमलं की लगेच शाबासकी, दहा गणितांऐवजी दोन-दोनचे तुकडे. शाळेत पुढचा बाक, आणि मधूनमधून खडू आणायला पाठवणं. चुळबुळीला काम मिळतं. पुढच्या वयात, त्रास जास्त असेल तर, मिथाइलफेनिडेटसारखं औषध. ते १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानित्सोन यांनी बनवलं आणि बायकोच्या 'रीटा' या लाडक्या नावावरून 'रिटालिन' झालं. भारतात ते शेड्यूल एक्समध्ये येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदारानं दोन वर्षं जपायची असते. म्हणून ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, आणि शेजाऱ्याच्या सांगण्यावरून तर मुळीच घेऊ नये.

कायद्यात मात्र एक फट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. पुष्कळ मुलांना दोन्ही असतात. तेव्हा कायद्यातली सवलत हवी तर अध्ययन अक्षमतेचीही तपासणी करून घ्यावी.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतात. त्यांच्या यादीत एडीएचडी आहे. पथक आलं की बाईंनी वर्गातल्या त्या दोघांची नावं पुढं करावीत. शहरात वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. आणि घरबसल्या विचारायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक १४४१६. फोन फुकट लागतो आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.