वाढदिवशीच विचारलेला प्रश्न
राष्ट्र आणि आपण : लेखांक सातवा

पंधरा ऑगस्टला कुणी जरा वेगळा सूर लावला की उत्तर ठरलेले असते : ‘वर्षाचे बाकीचे दिवस आहेत ना, आजच कशाला?’ हे उत्तर अगदीच उडवून लावण्यासारखे नाही. लग्नघरात कुणी जुनी भांडणे उकरून काढत नाही. पण स्वातंत्र्यदिन हा निव्वळ समारंभ असतो का? त्या दिवशी एक देश आपण कोणत्या तत्त्वावर उभे आहोत हे मोठ्याने सांगत असतो. मग ते तत्त्व कुणाकुणाला लागू आहे, हे विचारायला याहून योग्य दिवस कोणता?

हा प्रश्न भर सभेत विचारणारा माणूस होता फ्रेडरिक डग्लस. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेला, १८३८ साली पळून सुटलेला, पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरातून स्वतःचे वृत्तपत्र चालवणारा. १८५२ साली तिथल्या गुलामगिरीविरोधी महिला मंडळाने त्याला स्वातंत्र्यदिनाचे भाषण करायला बोलावले. भाषण झाले ५ जुलैला. याचे एक साधे कारण म्हणजे त्या वर्षी ४ जुलैला रविवार होता. पण न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीयांसाठी पाच तारखेला आणखीही अर्थ होता. त्या राज्यातली गुलामगिरी ४ जुलै १८२७ रोजी संपली, तेव्हा त्यांनी मिरवणूक काढली ती ५ जुलैला. चार तारखेचे रस्ते गोऱ्यांचे होते. त्यात शिरणे धोक्याचे होते.

सभागृहात पाच-सहाशे माणसे होती, बहुतेक त्याच्याच विचारांची. डग्लसने सुरुवात केली ती स्तुतीने. १७७६च्या पुढाऱ्यांना त्याने शूर म्हटले, मोठे म्हटले, आणि ही स्तुती वरवरची नव्हती. मात्र ऐकणाऱ्याच्या हळूहळू लक्षात येते की बोलताना तो ‘तुमचे’ पूर्वज, ‘तुमचे’ स्वातंत्र्य असेच म्हणतो आहे. स्तुती संपते आणि तो यजमानांनाच विचारतो, की मला इथे कशासाठी बोलावलेत? तुमच्या या सणाशी गुलामाचा संबंध काय?

त्या वेळी देशात सुमारे ३२ लाख माणसे गुलाम होती. डग्लस म्हणतो, गुलाम हा माणूस आहे हे मी सिद्ध करत बसणार नाही. ते तुमच्या कायद्यांनीच करून ठेवले आहे. व्हर्जिनिया राज्यात कृष्णवर्णीयाला फाशी होऊ शकेल असे ७२ गुन्हे आहेत, गोऱ्याला फाशी होईल असे फक्त दोन. गुन्ह्याची जबाबदारी जनावरावर कुणी टाकत नाही. गुलामाला वाचायला शिकवू नये असे कायदे दक्षिणेत आहेत, गुरांना शिकवू नये असा कायदा कुणी केलेला नाही. मग तो १८५०च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्याकडे वळतो. पकडून आणलेला माणूस गुलाम ठरला तर निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याला दहा डॉलर, सुटला तर पाच. मला विचाराल तर हे भाषण तिथल्या अलंकारांमुळे टिकलेले नाही, या हिशेबांमुळे टिकले आहे. अभिमानाला भावनेने उत्तर देता येते, दहा आणि पाच डॉलरला देता येत नाही.

आणि एवढे सगळे बोलून डग्लस देश सोडून देत नाही. या ठिकाणी त्याची तुलना विल्यम लॉइड गॅरिसनशी करून पाहावी. गॅरिसन त्याचा जुना सहकारी आणि गुलामगिरीचा कट्टर शत्रू. अमेरिकेची राज्यघटनाच गुलामगिरीच्या बाजूची आहे, असे त्याचे मत होते आणि ४ जुलै १८५४ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमला त्याने तिची प्रत जाहीरपणे जाळली. डग्लसचेही मत एके काळी तेच होते. पण भाषणाच्या आदल्या वर्षी तो त्यापासून फुटला होता. नीट वाचली तर ही घटना स्वातंत्र्याच्याच बाजूची आहे, असे तो रॉचेस्टरला सांगतो. मला डग्लसचा मार्ग जास्त अवघड वाटतो. जाळणाऱ्याचे काम त्या दिवशी संपते. शब्द खरे करून दाखवा म्हणणाऱ्याला पुढची सगळी वर्षे तगादा लावावा लागतो. डग्लसने तो १८९५ साली मरेपर्यंत लावला.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना. त्याच काळात इथे इंग्रजांनी एक कायदा आणला होता. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. आधी तो उत्तरेत लागू झाला, १९११ नंतर देशभर लागू करता येऊ लागला. मुंबई इलाख्यातले कितीतरी पारधी, बेरड, कैकाडी पोलिसांच्या हजेरीवर आले. सोलापूरच्या वसाहतीत तर माणसे तारेच्या कुंपणाआड राहत होती. १५ ऑगस्ट १९४७ रोजी हा कायदा रद्द झाला नाही. केंद्राने तो रद्द केला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. अनेक विमुक्त जमाती म्हणूनच तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात.

त्या कार्यक्रमांना ‘फुटीरपणा’ म्हणणारे भेटतात, तेव्हा मला या आक्षेपाचे नवल वाटते. पाच वर्षे उशिरा का होईना, ज्यांना स्वातंत्र्य मिळाले तेच त्याची तारीख सर्वांत काळजीने जपत आहेत. त्यात आणखी एक मेख आहे. जुना कायदा गेला आणि त्याच्या जागी ‘सराईत गुन्हेगारां’चे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९चा कायदा त्यातलाच. कागदावर आता जमातीचे नाव नव्हते. पण चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कोणत्या पालांकडे वळते, हे पारध्यांना विचारावे.

डग्लसचे ते भाषण मॅसॅच्युसेट्समधल्या अनेक गावांत आता दर जुलैच्या सुमारास चौकात जाहीरपणे वाचले जाते. जमलेली माणसे आळीपाळीने एकेक उतारा वाचतात. आपल्या शाळांत झेंडावंदनानंतर १९४७ पर्यंतचीच भाषणे होतात. १९५२ सालावर एखाद्या आठवीतल्या मुलीला पाच मिनिटे बोलू द्यायला हरकत नसावी.

पुढील लेखांकात : राष्ट्रगीताला उभी राहिलेली, पण ते न गायलेली केरळमधली तीन शाळकरी भावंडे आणि त्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८६ मध्ये दिलेला निकाल.