वज्रेश्वरी: नवसाला बांधलेलं गडासारखं देऊळ

ठाणे-कल्याण पट्ट्यात उंचावरच्या देवींना तोटा नाही. कल्याणच्या खाडीकाठी दुर्गाडी किल्ल्यावरची देवी आहे. विरारची जीवदानी २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाण्याचीच. पण पुराण, पेशवाई आणि भूगर्भ या तिन्ही गोष्टी एकाच टेकडीपाशी पाहायच्या असतील, तर भिवंडीहून अंबाडीमार्गे तानसा नदीकाठच्या वज्रेश्वरीला जायला हवं. गावाचं मूळ नाव वडवली. आता देवीचंच नाव गावाला पडलं आहे.

कथा अशी सांगतात. कलिकाल नावाच्या दैत्यानं या भागात उच्छाद मांडला होता. त्याच्या निवारणासाठी वसिष्ठ ऋषींनी त्रिचंडी यज्ञ आरंभला, पण त्यात इंद्राला आहुती मिळाली नाही. संतापलेल्या इंद्रानं वसिष्ठांवर वज्र फेकलं. ऋषींनी आणि देवांनी देवीचा धावा केला. ती प्रकटली आणि तिनं ते वज्रच गिळून टाकलं. मग दैत्याचा संहार झाला, आणि रामाच्या विनंतीवरून देवी वज्रेश्वरी या नावानं इथेच राहिली. या कथेत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वज्र गिळणं. मानापमानासाठी उगारलेलं शस्त्र, मग ते देवांच्या राजाचं का असेना, आई पोटात घालते. महिषासुरमर्दिनीच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या कानांना हे देवीरूप वेगळं वाटतं, आणि ते कीर्तनांतून अधिक ऐकू यायला हवं.

इथल्या आणि जवळच्या अकलोली, गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांनाही कथा चिकटली आहे: देवीनं मारलेल्या दैत्यांचं रक्त अजून तापलेलं आहे. ही टेकडी म्हणजे विझलेला ज्वालामुखी, असंही सर्रास ऐकू येतं. मात्र सह्याद्रीचा लाव्हा थंडावून सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली, त्याची ऊब उरणं शक्य नाही. पावसाचं पाणी कातळातल्या भेगांतून खूप खोल जातं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. अशा झऱ्यांची माळ पालघरपासून थेट रत्नागिरीपर्यंत गेली आहे.

आता इतिहास. देवीचं मूळ ठाणं वडवलीत नव्हतं. ते उत्तरेला पाच मैलांवर गुंज या गावी होतं. पोर्तुगीज अमलात ते उद्ध्वस्त झालं आणि देवी वडवलीला आली, अशी परंपरा आहे. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा कोट जिंकला, पण वसई हाती येत नव्हती. बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांचा मुक्काम वडवली परिसरात असताना त्यांनी देवीला नवस केला: वसई मिळाली तर तुझं देऊळ किल्ल्यासारखं बांधीन. देवीनं स्वप्नात येऊन किल्ला घेण्याची वाट दाखवली, असंही सांगतात. श्रद्धेला तेवढी जागा द्यावीच. पण मे १७३९ मध्ये वसई पडली ती सुरुंगांनी, महिनोन्‌महिन्यांच्या वेढ्यानं आणि हजारो मराठ्यांच्या प्राणांनी. त्या अनाम शिपायांचं स्मरण देवीच्या पायरीवर होत नसेल, तर नवसाची गोष्ट अर्धीच राहते.

वसईचे नवे सुभेदार शंकर केशव फडके यांनी चिमाजी अप्पांच्या आज्ञेनं देऊळ उभारलं. स्वतः अप्पा पुढच्या वर्षाअखेर, डिसेंबर १७४० मध्ये वारले. वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयचिन्ह म्हणून महाराष्ट्रभरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांतलीच. वज्रेश्वरीला मात्र त्या विजयानं अख्खी वास्तूच दिली. ५२ पायऱ्या, भोवती तटासारखी दगडी भिंत, वर नगारखाना, आवारात दीपमाळ. नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांनी बांधला. एका पायरीवर सोनेरी कासव कोरलं आहे, त्याला कूर्मावतार मानून लोक हात लावून पुढे जातात. गाभाऱ्यात मधोमध शेंदरी वज्रेश्वरी, हाती खड्ग आणि गदा. सोबत रेणुका, सप्तशृंगी, ग्रामदेवता कालिका आणि परशुराम. कोकणची भूमी परशुरामाची, म्हणून त्याची आई रेणुका इथे शेजारी असावी हे साहजिकच.

देवळामागच्या मंदागिरी टेकडीवर सतराव्या शतकातल्या गोधडेबुवांची समाधी आहे. पलीकडे गणेशपुरीत स्वामी नित्यानंदांनी १९६१ मध्ये देह ठेवला. चैत्र अमावास्येला मोठी जत्रा भरते, पालखी निघते. नवरात्रातली गर्दी तर सर्वांनाच माहीत आहे.

या गर्दीत गुंजकडे कोणाचं लक्ष जात नाही, याची मला खंत वाटते. ज्या घराण्यांची वज्रेश्वरी कुलस्वामिनी आहे त्यांनी घरातली जुनी कागदपत्रं, नवसाच्या आणि ओट्या भरण्याच्या नोंदी जपाव्यात. गुंज-वडवलीच्या वृद्धांकडून देवीच्या स्थलांतराची कहाणी लिहून घ्यावी. यंदा दर्शनाला जाल तेव्हा परतीच्या वाटेवर गुंजलाही जरूर जा.