फाइल समोर आहे, पण सापडत नाही!

मी कल्याणहून बोलतोय. आज विषय आहे पाथचा, म्हणजे फाइलच्या पत्त्याचा. तुमचा कोड विंडोजवर मस्त चालतो, लिनक्स सर्व्हरवर चढवला की म्हणतो, ‘फाइल मिळाली नाही’. असं का होतं?

सुरुवात तिरक्या रेघेपासून करू. युनिक्सच्या घराण्यात, म्हणजे लिनक्स, मॅक आणि अँड्रॉइडवर, फोल्डर वेगळे करायला / हे चिन्ह वापरतात. विंडोजवर \ असते. कारण जुनं आहे. एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच, आणि / हे चिन्ह कमांडचे पर्याय लिहायला आधीच घेतलेलं होतं. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा उलटी रेघ निवडावी लागली. म्हणून पाथ हाताने जोडू नका. पायथॉनमध्ये २०१४ पासून पाथलिब आहे, नोडमध्ये पाथ मॉड्यूल आहे. जोडायचं काम त्यांना करू दे.

पुढची गोष्ट नावातल्या चिन्हांची. समजा, तुम्ही लोकलच्या वेळेवरून फाइलला ‘८:१४ कर्जत’ असं नाव दिलं. लिनक्सवर चालेल. विंडोजवर नाही, कारण तिथे नावात : चालत नाही. प्रश्नचिन्ह आणि * सुद्धा नाही.

मग लहान-मोठी अक्षरं. आपल्या देवनागरीत ही कटकट नाही. पण ‘.जेपीजी’ हे एक्स्टेन्शन इंग्रजीत असतं. कॅमेऱ्याने ते मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि कोडमध्ये तुम्ही लहान लिहिलंत, तर विंडोज सहसा चालवून घेतं. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली वाटतात.

आता खास आपली गंमत. कल्याणला रेल्वेचा मार्ग फुटतो, एक कर्जतकडे, एक कसाऱ्याकडे. ‘कसाऱ्याकडे’ हा शब्द नीट बघा. त्यातला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि त्याला नुक्ता. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. पण यूटीएफ-८ मध्ये पहिला ३ बाइटचा, दुसरा ६ बाइटचा.

मॅकची जुनी फाइल सिस्टीम, एचएफएस प्लस, नाव साठवताना अशी चिन्हं फोडूनच ठेवायची. २०१७ पासून आलेली एपीएफएस दिलेलं नाव तसंच ठेवते, मात्र शोधताना दोन्ही रूपं एकच मानते. लिनक्सची ईएक्सटी-४ सहसा फक्त बाइट बघते. त्यामुळे जुन्या मॅकवरून आणलेली ‘कसाऱ्याच्या गाड्या’ ही फाइल लिनक्सवर समोर दिसते, आणि तुमचा कोड म्हणतो, नाहीच!

उपाय असा: दोन नावांची तुलना करताना दोन्ही आधी एनएफसी रूपात आणा. पायथॉनमध्ये यूनिकोडडेटा मॉड्यूलचं नॉर्मलाइज फंक्शन हे काम करतं. पण फाइल उघडताना सिस्टीमने यादीत जे नाव दिलंय, तेच जसंच्या तसं वापरा. एक अपवाद लक्षात ठेवा. काही जण हाच ऱ्य साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून टाइप करतात. ते एनएफसीने एक होत नाही. तिथे बदल तुम्हालाच करावा लागतो.

लांबीचंही तसंच. ‘कल्याण’ वाचताना तीन अक्षरं, युनिकोडमध्ये ६ चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट. ईएक्सटी-४ मध्ये एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीची फक्त ८५ चिन्हं. विंडोजच्या एनटीएफएसवर २५५ चिन्हं मावतात. तिथलं १०० चिन्हांचं मराठी नाव लिनक्सवर कॉपीच होणार नाही. बॅकअप घेताना अशी एखादी फाइल गुपचूप मागे राहिली तर? म्हणून लांबी बाइटमध्ये मोजा, आणि एरर आली तर ती गिळू नका, वापरणाऱ्याला दाखवा.

यावर बरेच जण सांगतात, ‘मराठी नावं देऊच नका, इंग्रजीत ठेवा.’ मला हे पटत नाही. आजीच्या फोटोंच्या फोल्डरला तिचं नाव तिच्या लिपीत देणं ही चूक नाही. ते सांभाळणं कोडचं काम आहे. तेव्हा पुढचं ॲप तपासताना टेस्टमध्ये एक फाइल नक्की ठेवा: ‘कसाऱ्याच्या गाड्या’. विंडोज, मॅक आणि लिनक्स, तिन्हीकडे ती उघडली की मगच ॲप लोकांच्या हातात द्या.

भेटू पुढच्या भागात!