वेष्टणाखालची चित्रे

आमच्या घरात रहस्यकथेला बंदी नव्हती; तिच्या मुखपृष्ठाला होती.

ही गोष्ट १९७० च्या आसपासची, कऱ्हाडातली. अण्णा हायस्कुलात गणित शिकवीत. दुपारची जेवणे उरकली, भांडी निघाली, की आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसे आणि वाचनालयातून आणलेला ‘झुंजार’ नाहीतर ‘काळापहाड’ उघडी. पुस्तक बदलून आणण्याचे काम माझ्याकडे होते. दिवसाचे भाडे पाच पैसे. मी घरात पाऊल टाकले, की पुस्तक आधी अण्णांच्या हाती जाई. ते आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र घेत, भूमितीच्या वहीला घालावे तसे काटेकोर वेष्टण त्या पुस्तकाला घालीत आणि मगच ते आईकडे पोचे.

“आत काय लिहिलंय ते तुमच्या आईला कळतं,” ते आम्हा भावंडांना सांगत, “आणि वर काय काढलंय ते कळायचं तुमचं अजून वय नाही.”

अण्णांच्या हिशोबात एकच चूक होती. वाचनालय ते घर हे अंतर त्यांनी धरलेच नव्हते. ती पंधरा मिनिटे पुस्तक माझ्या हातात उघडेबोडके असे. रस्त्यातल्या एका पाराच्या आडोशाला मी ते चित्र डोळे भरून पाहून घेई. बुरखाधारी माणूस, खालून वर पडलेला हिरवट उजेड, जिन्यावरची लांबलचक सावली आणि मान वळवून मागे पाहणारी एक सुंदर, घाबरलेली स्त्री. कथा नंतर केव्हातरी आईची नजर चुकवून वाचायची. पण ती वाचताना मनात माणसे दिसत ती मुखपृष्ठावरचीच.

आज माझ्याकडे अशी ४१२ पुस्तके आहेत. त्यांतली निम्मी मी वाचलेलीही नाहीत, आणि वाचीन असे वाटत नाही. मी ती चित्रांसाठी जमवली. कादंबरीकार म्हणवणाऱ्या माणसाने हे कबूल करणे जरा अवघडच आहे.

मराठीत या चित्रांचा विषय निघाला, की बाबुराव अर्नाळकर आणि रघुवीर मुळगावकर ही दोन नावे जोडीनेच येतात. अर्नाळकर हे टोपणनाव. खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९९६ साली ते गेले तेव्हा त्यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा होत्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही माणसे त्यांनी शब्दांत उभी केली. पण त्यांना नाकडोळे दिले ते मुळगावकरांनी. गोव्यात १९१८ साली जन्मलेले मुळगावकर १९७६ पर्यंत मुंबईत अखंड काम करीत राहिले. देवदेवतांच्या कॅलेंडरांतून ते देवघरात पोचले होते आणि रहस्यकथांतून उशीखाली. ज्या हाताने लक्ष्मी रंगवली त्याच हाताने पिस्तूल रोखलेली तरुणी रंगवली, आणि दोघींच्या चेहऱ्यावरची झळाळी एकच! फवाऱ्याने रंग देण्याच्या त्यांच्या हातोटीमुळे गालावरची छाया कोठे सुरू होते आणि कोठे संपते ते सांगता येत नाही. त्यांचे समकालीन दीनानाथ दलाल, तेही गोव्याचेच. ‘दीपावली’ दिवाळी अंकामुळे आणि असंख्य पुस्तकांच्या वेष्टणांमुळे त्यांचे नाव सुशिक्षित घरात मानाने घेतले जाई. रहस्यकथेच्या वाट्याला तेवढा मान आला नाही.

ही चित्रे भडक असत, हे खरेच आहे. पण त्यांना भडक असणे भाग होते. पुस्तक रेल्वेच्या स्टॉलवर किंवा फुटपाथवर पडलेले असे, आणि गाडी सुटायच्या घाईतल्या माणसाला त्याने दहा हातांवरून हाक मारायची असे. कागद हलका, छपाई स्वस्त. मूळ चित्रावरून पिवळा, तांबडा, निळा आणि काळा असे वेगवेगळे ब्लॉक करीत आणि एकावर एक छापीत. छापताना कागद केसभर जरी सरकला, तरी नायिकेच्या ओठांवरचा रंग ओठ सोडून हनुवटीवर उतरे. माझ्याकडे अशा ओठ सुटलेल्या नायिका बऱ्याच आहेत. मला त्या अधिक आवडतात. त्या चुकीत छापखान्यातल्या कोणा माणसाची घाई अजून दिसते.

संग्रहाची सुरुवात मात्र मी ठरवून केली नाही. १९९८ साली मी एका तालुक्याच्या गावी आमच्या बँकेचा शाखाधिकारी होतो. एके दिवशी तिथल्या जुन्या वाचनालयाचे चालक खाते बंद करायला आले. केबल आल्यापासून वर्गणीदार उरले नव्हते, पुस्तके किलोवर द्यायचे ठरले होते. संध्याकाळी मी सहज म्हणून गेलो आणि दोन पोती घेऊन घरी आलो. सौ.ने दारातच विचारले, “अहो, हे काय? वसुलीत आणलंत का?”

पोती उपसली तेव्हा निराशाच झाली. वाचनालयात पुस्तक टिकावे म्हणून नवे असतानाच त्याचे मुखपृष्ठ काढून टाकीत आणि जाड पुठ्ठ्याची बांधणी करीत. दीडशे पुस्तकांत मुखपृष्ठासकट फक्त अकरा निघाली. ज्या चित्राने पुस्तक विकले गेले, तेच चित्र वाचनालयात पहिल्याच आठवड्यात रद्दीत जाई. मोठ्या ग्रंथालयांनी ही पुस्तके ठेवण्यालायक मानली नाहीत आणि ज्या लहान वाचनालयांनी ठेवली त्यांनी चित्रे फेकली. म्हणून ही मुखपृष्ठे दुर्मीळ आहेत. छापली हजारोंनी आणि उरली बोटांवर मोजण्याइतकी.

त्या अकरांनी मला नादाला लावले. पुण्याला बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचा फुटपाथ, मुंबईतले फाउंटन. तिथले बहुतेक पुस्तकविक्रेते २००५ साली उठवले गेले, तोवर फाउंटनला माझी महिन्याची एक फेरी ठरलेली असे. तिथेच इंग्रजी जगाची ओळख झाली. १९३५ साली पेंग्विनने स्वस्त पुस्तके काढली ती चित्राविना, नुसत्या रंगांच्या पट्ट्यांवर: कादंबरीला नारिंगी, गुन्हेगारी कथेला हिरवा. अमेरिकेत १९३९ साली पॉकेट बुक्स आली आणि तिथे चित्रांची चढाओढ लागली. रॉबर्ट मॅकगिनिस या चित्रकाराने एकट्याने हजाराहून अधिक मुखपृष्ठे रंगवली. ९९ वर्षांचे होऊन ते २०२५ साली गेले. फ्लेमिंगच्या ‘थंडरबॉल’ची १९६३ ची पॅन आवृत्ती मला फाउंटनला मिळाली, तिच्या मुखपृष्ठावर गोळीची दोन खरीखुरी भोके आहेत. विक्रेता म्हणाला, “साहेब, वाळवी लागलीय, दहा रुपये कमी द्या.” मी गुपचूप दहा रुपये कमी दिले. ते पाप अजून माझ्या खाती आहे.

बँकेतल्या नोकरीचा या छंदाला मोठा उपयोग झाला. स्वस्त पुस्तकांवर प्रकाशनाचे वर बरेचदा नसतेच. पण किंमत असते. किंमत आण्यांत असली, तर पुस्तक बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचे. ‘नवे पैसे’ लिहिले असले, तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचे, कारण जून १९६४ मध्ये त्यातला ‘नवे’ गेला आणि नुसते पैसे राहिले. दुसरी गोष्ट सह्यांची. तीस-पस्तीस वर्षे धनादेशांवरच्या सह्या पडताळण्यात गेली. आता तेच भिंग घेऊन मी चित्राच्या कोपऱ्यातली सही शोधतो. मुळगावकर, दलाल चटकन ओळखू येतात. पण बाकीच्यांपैकी कित्येकांनी सही केलेलीच नाही, किंवा केली ती इतकी आखडून, की जणू कोणी ओळखू नये अशीच इच्छा असावी.

ही इच्छा मला समजते. कारण आता जे सांगणार आहे ते मी चाळीस वर्षांत छापून कोठे सांगितलेले नाही. १९८४ साली, बँकेत लागून तीन वर्षे झाली असताना, मी टोपणनावाने दोन रहस्यकथा लिहिल्या. धाकट्या बहिणीचे लग्न ठरले होते. प्रत्येकी तीनशे रुपये मिळाले, हक्कांसकट. बाहेरच्या कमाईला बँकेची पूर्वपरवानगी लागे, म्हणून टोपणनाव. असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. खरे कारण लाज हेच होते. मला ‘साहित्यिक’ व्हायचे होते.

प्रकाशकांच्या खोलीत त्या वेळी चित्रकार बसलेले होते. किडकिडीत, पन्नाशीचे, सदऱ्याच्या बाहीला रंग लागलेला. त्यांनी मला एकच विचारले, “गोष्टीत बाई आहे का?” मी म्हणालो, “एक म्हातारी मोलकरीण आहे.” प्रकाशक मधेच म्हणाले, “नसली तरी घाला. लाल साडीत घाला.” पुस्तक आले तेव्हा मुखपृष्ठावर लाल साडीतली तरुणी होती, मागे खवळलेला समुद्र आणि एक दीपस्तंभ. माझी कथा सगळी मिरजेत घडते. मी इतका खजील झालो, की मला मिळालेल्या पाचही प्रती मी बंबात घातल्या. पुढे माझ्या कादंबऱ्या निघाल्या, चार लोक ओळखू लागले, आणि १९८४ साल मी माझ्या यादीतून खोडून टाकले.

संग्रह करू लागल्यावर मात्र मी तेच पुस्तक शोधत होतो. आठ वर्षे शोधले. सापडले नाही.

२००६ साली अण्णा गेले. पंधरवड्याने त्यांची ट्रंक उघडली. गणिताची पुस्तके, पेन्शनचे कागद, आणि तळाशी वर्तमानपत्राचे काटेकोर वेष्टण घातलेले एक लहान पुस्तक. वेष्टण सोडवले. लाल साडी, समुद्र, दीपस्तंभ. बावीस वर्षांत त्यावर ऊन पडले नव्हते. उन्हात राहिलेल्या मुखपृष्ठांचा तांबडा आणि पिवळा आधी उडतो, आणि माणसे निळी पडतात. इथे ती साडी कालच रंगवल्यासारखी होती.

आत अण्णांची तांबडी पेन्सिल फिरलेली होती. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले. एका पानाच्या समासात लिहिले होते, “ही गाडी कऱ्हाडहून चाळीस मिनिटांत मिरजेस पोचणे शक्य नाही. वेळ पुन्हा तपासावी.”

मी पुस्तक घेऊन आईकडे गेलो. ती म्हणाली, “तुझं आहे हे मला तिसऱ्या पानावरच कळलं होतं. त्या म्हातारीच्या तोंडी सगळं माझंच बोलणं घातलं होतंस की.”

“मग बोलली का नाहीस कधी?”

“तू सांगितलं नाहीस, आम्ही विचारलं नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “ते मात्र चित्र बघून हसले होते. म्हणाले, मिरजेत दीपस्तंभ कशाला?”

ज्या वेष्टणावर मी लहानपणी रागावत असे, त्यानेच माझे पुस्तक माझ्यापासून वाचवले होते. आईही आता नाही. ते पुस्तक मी पुन्हा त्याच वेष्टणात ठेवलेले नाही, कारण वर्तमानपत्राच्या कागदातले आम्ल पुस्तकाला बाधते. वेष्टण वेगळ्या पाकिटात जपले आहे. बाकीच्या पुस्तकांच्याही गंजलेल्या पिना काढल्या. फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावायची नाही हे चार पुस्तके खराब करून शिकलो. खळीच्या वासाने येणाऱ्या कसरीशी पावसाळाभर लढाई चालू असते.

आता प्रश्न पुढचा आहे. मुलगी विचारते, “बाबा, तुमच्यानंतर याचं काय?” एका संस्थेला मी हा संग्रह देऊ केला होता. त्यांनी पुस्तके घेण्याची तयारी दाखवली. “मात्र आमच्या पद्धतीने नवी बांधणी करावी लागेल,” असेही कळवले. म्हणजे पुठ्ठा आला आणि मुखपृष्ठ गेले. मी नम्रपणे नकार दिला. सध्या मी आणि मुलगी मिळून एकेक चित्र स्कॅन करीत आहोत. रोज चार, फार तर पाच होतात.

सोबत एक नोंदवही केली आहे. जुन्या सवयीने रकाने आखलेले: पुस्तक, लेखक, किंमत, अंदाजे वर्ष, चित्रकार. शेवटचा रकाना निम्म्याहून अधिक पुस्तकांपुढे कोरा आहे. दीपस्तंभाच्या चित्रावर कोपऱ्यात तीन तिरप्या रेघांची एक सही आहे. तशी सही असलेली आणखी नऊ मुखपृष्ठे मला मिळाली, पण नाव मिळाले नाही. प्रकाशनसंस्था केव्हाच बंद झाली. मी त्या माणसासमोर बसलो होतो, त्याने माझ्यासाठी चित्र काढले होते, आणि मी त्याचे नाव विचारले नव्हते.

दिवाळीची झाडलोट सुरू होईल तेव्हा माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, आजीच्या कपाटात असे एखादे पुस्तक हाती लागले, तर रद्दीवाल्याला देण्यापूर्वी त्याचे मुखपृष्ठ उजेडात धरून पाहा. कोपऱ्यात तीन तिरप्या रेघा दिसल्या, आणि ते हात कोणाचे होते हे घरातल्या कोणा वडीलधाऱ्यांना माहीत असले, तर मला जरूर कळवा. बँकेत एक रकाना जरी कोरा राहिला, तरी दिवसाचा हिशोब बंद करता येत नसे. माझा १९८४ पासून उघडाच आहे.