आंत्रविलेपन
आंत्रविलेपन : पोटात घेतलेले औषध जठरात न विरघळता आतड्यात मोकळे व्हावे, म्हणून गोळी, कण किंवा संपुट (कॅप्सूल) यांवर चढविलेले अम्लरोधी पातळ आवरण. उपाशीपोटी जठररसाचे पीएच मूल्य सु. १ ते ३ असते. लघ्वांत्राच्या शेवटी ते ७ च्या आसपास जाते. विलेपनाच्या बहुवारिकातील कार्बॉक्सिल गटांचे अम्लात आयनीभवन होत नाही व पटल टिकते. पीएच मूल्य वाढताच ते होऊन पटल विरघळते.

ओमेप्रॅझोल अम्लात नाश पावते, तर अ‍ॅस्पिरिनाने जठराचे अस्तर चुरचुरते. पहिल्यात औषधाचे व दुसऱ्यात जठराचे रक्षण साधते. १८८४ मध्ये पाउल ऊना या जर्मन त्वचारोगतज्ञांनी केराटिनाचे विलेपन सुचविले. पुढे लाख, सेल्युलोज अ‍ॅसिटेट थॅलेट व मेथॅक्रिलिक अम्लाची सहबहुवारिके वापरात आली.

व्रणयुक्त बृहदांत्रशोथात खरी कसोटी लागते. मेसालामीन हे औषध वरच्या आतड्यातच बरेचसे शोषले जाते व व्रणांपर्यंत थोडेच पोहोचते. म्हणून ते पीएच ७ च्या वर विरघळणाऱ्या पटलात घालतात. परंतु या विकारात बृहदांत्राचे पीएच मूल्य कधीकधी उतरते आणि गोळी अखंडच मलावाटे बाहेर पडते. यावर अब्जांश तंत्रज्ञानाचा उपाय शोधला जात आहे. मीटरच्या अब्जांशास नॅनोमीटर म्हणतात. सु. १०० नॅनोमीटर आकाराचे कण दाहयुक्त अस्तरात मोठ्या कणांपेक्षा अधिक साठतात, असे २००१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत आढळले. कोळंबीच्या कवचांपासून मिळणारे कायटोसान धनभारित असल्याने ऋणभारित श्लेष्म्यास चिकटते; मात्र ते अम्लात विरघळते, म्हणून त्यावरही बाहेरून अम्लरोधी थर द्यावा लागतो. यांतील बहुतेक कार्य अद्याप प्रायोगिक अवस्थेत आहे.

कोकणात प्रश्न दमटपणाचा आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायने व मूळ औषधद्रव्ये यांचे कारखाने आहेत. परंतु महाड व पोलादपूर तालुक्यांत वार्षिक पर्जन्य ३,००० मिमी.हून अधिक असून पावसाळ्यात हवा महिनोन्‌महिने ओली असते. अशा हवेत सेल्युलोज अ‍ॅसिटेट थॅलेटाचे जलीय विच्छेदन होऊन पटल निकामी होते. लाखेचे पटल जुने होता होता उलट कठीण बनते व गोळी उशिरा विरघळते. वेष्टनातून काढून कागदाच्या पुडीत बांधून दिलेली गोळी त्यामुळे दिसावयास चांगली, पण गुणाला उणी ठरू शकते.

औषधिकोशातील कसोटीप्रमाणे गोळी ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक अम्लात २ तास अभंग राहावी व नंतर पीएच ६.८ च्या विद्रावात तासाभरात विखुरावी लागते. अशी गोळी चावल्यास, कुटल्यास किंवा तोडल्यास आवरण भंगते. दूध अथवा अम्लनाशक सोबत घेतल्यास जठराची अम्लता घटून ते वेळेआधीच विरघळू शकते.