घरगुती संरोधमापक

बेडशाच्या लेण्यांच्या डोंगरापायथ्याशीं आमचें घर. गेल्या वर्षापासून थोडें चाललें कीं माझी डावी पोटरी भरून येई. वयाचा दोष म्हणून मी डॉक्टरांकडे जाण्याचें टाळीत होतों. दिवाळींत अभियांत्रिकी शिकणारा नातू आला. तो म्हणाला, "आजोबा, तुमच्या पायांतला रक्तप्रवाह पाहण्याचें यंत्र मी घरींच करतों."

कल्पना पोरकट नव्हती. क्षणोक्षणीं दिशा पालटणाऱ्या विद्युत्प्रवाहास होणारा एकूण विरोध म्हणजे इम्पीडन्स. हा शब्द १८८६ सालीं हेविसाइड यांनीं रूढ केला. आपण त्यास संरोध म्हणतों. स्नायु व हाडें यांपेक्षां रक्तांतून वीज सुलभपणें वाहते. म्हणून हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशीं पायांत रक्त भरलें कीं तेथील संरोध किंचित् उतरतो. याच तत्त्वावर भाभा अणुसंशोधन केंद्रांत जिंदल प्रभृतींनीं देशी यंत्र सिद्ध केलें, के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. पारुळकर यांच्यासह त्यांनीं रुग्णांवरील अनुभव १९९० सालीं प्रसिद्ध केला.

प्रयोगशाळेंतील संरोधमापकांस लाखों रुपये पडतात. नातवानें एडी ५९३३ नांवाची नखाएवढी चिप व आर्डुइनो यांवर कांहीं हजारांत काम भागविलें. पडद्यावर आकडे धांवूं लागले. मीं विचारलें, "हे खरे कशावरून?" त्यानें एक हजार ओहमचा रोधक जोडला, तों उत्तर भलतेंच! ही चिप कच्चे आंकडे देते. ज्ञात रोधक मोजून गुणक ठरविल्यावांचून त्यांस अर्थ नसतो, हें तो विसरला होता.

गुणक बसला, तरी पट्टी दाबली कीं आकडा बदले. त्वचेचा संरोधहि त्यांत मिसळत होता. मग जादा मंडल जोडून त्यानें बाहेरच्या दोन पट्ट्यांतून अत्यल्प प्रवाह सोडला व आंतल्या दोहोंमधील विद्युद्दाब मोजला. सर्व कांहीं विजेरीवर. लॅपटॉपसुद्धां भिंतींतील विजेपासून तोडलेला. शरीराला जोडावयाच्या यंत्राचा संबंध घरच्या विजेशीं येऊं देणें प्राणघातक ठरूं शकतें, हें वाचकांनीं ध्यानीं ठेवावें.

अखेर ठोक्याठोक्याला लाट उमटूं लागली. उजव्या पायाची उंच, डाव्याची बसकी. नातू गप्प झाला. थोड्या वेळानें म्हणाला, "आजोबा, हें निदान नव्हे. उद्यां डॉक्टरांकडे जाऊं."

गेलों. रीतसर तपासणींत डाव्या पायाची रक्तवाहिनी अरुंद झालेली आढळली. आतां औषध व नेमानें चालणें सुरू आहे. त्या यंत्रानें माझें निदान केलें नाहीं. माझी टाळाटाळ मात्र संपविली.