परसातील कोंबड्या : निम्मे जमिनीचे, निम्मे हाताचे

कोंबडी पाळायला शिकावे लागत नाही, असे आपल्याकडे समजतात. परसात एक खुराडे, घरात एक डालगे आणि सकाळी फेकलेला मूठभर दाणा, एवढ्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या वाढत आली. ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, अशा कितीतरी घरांत मीठ-मिरची आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च अंड्यांच्या पैशांतून निघाला आहे. हा पैसा बहुधा घरातील बाईच्या हाती राहतो, म्हणून त्याचे मोल अधिक. तो वाढावा कसा आणि बुडू नये कसा, हे समाजबांधवांना व विद्यार्थ्यांना सांगावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्रथम आमचीच चूक सांगतो. हौसेने आम्ही एकदम २५ तलंगा आणल्या. परस दोन खोल्यांएवढे. दोन महिन्यांत गवताची काडी उरली नाही. कोंबड्या शेजाऱ्यांच्या मेथीच्या वाफ्यात शिरू लागल्या आणि रोज भांडण होऊ लागले. त्यांना कोंडून विकतचे खाद्य सुरू केले, तर वाण्याची उधारी अंड्यांच्या पैशांना मागे टाकून गेली. तेव्हा कळले की, कोंबड्या किती पाळायच्या हे हौसेने नव्हे, तर परसाने ठरवायचे असते.

जमीन काय देते? मोकळी फिरणारी कोंबडी दिवसभर किडे, वाळवी, गांडुळे, कोवळे गवत, तणांचे बी आणि सांडलेले धान्य टिपते. किड्यांतून तिला प्रथिने मिळतात आणि हिरव्या पाल्यातून जीवनसत्त्वे. पिवळाजर्द बलक ही बहुतांशी त्या पाल्याचीच करणी. बारीक खडेही ती मातीतूनच उचलते. कोंबडीला दात नसतात. तिच्या पेट्यात हे खडे जात्यासारखे काम करतात व दाणा दळला जातो.

परंतु जमीन सर्व काही देत नाही. पावसाळ्यात किडे व पाला भरपूर असतो, सुगीत खळ्यावर दाणे मिळतात, पण चैत्र-वैशाखात परस कोरडे पडते. शिवाय एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. ते बाहेरून मिळाले नाही, तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. मग अंडी पातळ कवचाची होतात, पुढे बंदही पडतात. म्हणून निम्मे जमिनीचे व निम्मे हाताचे, असा आमचा नियम आहे.

हिशेब साधा आहे. कोंडून ठेवलेल्या अंड्यावरील कोंबडीला रोज सुमारे ११० ग्रॅम खाद्य लागते. म्हणजे १० कोंबड्यांना महिन्याला ३३ किलो. चांगले चरायला मिळाले, तर ५० ग्रॅम, म्हणजे साधारण मूठभर खाद्य हाताने घातले तरी भागते. महिन्याला १५ किलो झाले. वाचलेले १८ किलो हीच त्या परसाची कमाई. उन्हाळ्यात मात्र मूठ वाढवावी.

हे खाद्य घरीच करता येते. १० किलोसाठी मका, ज्वारी किंवा बाजरीचा भरडा ५ किलो, तांदळाचा किंवा गव्हाचा कोंडा २ किलो, भुईमूग किंवा सोयाबीनची पेंड २ किलो, सुकटीचा चुरा अर्धा किलो, शिंपल्यांचा चुरा ४०० ग्रॅम आणि खनिज मिश्रण १०० ग्रॅम घ्यावे. सुकट खारवलेली असेल, तर वरून मीठ घालू नये. जास्त मीठ कोंबडीला विषासारखे बाधते. शिंपल्यांचा थोडा चुरा वेगळ्या करवंटीतही ठेवावा. गरजेप्रमाणे कोंबडी तो स्वतः खाते.

खाद्याची वेळही महत्त्वाची आहे. सकाळी अगदी थोडे घालावे, म्हणजे भुकेने ती चरायला निघते. उरलेले दिवस मावळण्यापूर्वी घालावे. त्या ओढीने कोंबड्या आपोआप खुराड्याकडे परततात, मुंगूस-बोक्यापासून वाचतात आणि रात्री कवच तयार होताना पोटात चुना असतो. पाणी मात्र सतत हवे. खाद्याच्या दुप्पट पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त.

आता कुरणाविषयी. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे मोकळ्या कोंबडीला किमान ४ चौरस मीटर जागा लागते, तीही पूर्ण खाद्य घालून. आपल्याला तर जमिनीकडूनच खाद्य घ्यायचे आहे, तेव्हा जागा याहून बरीच अधिक हवी. परसाचे जाळीने किंवा बोरीच्या काट्यांनी तीन भाग करावेत. एका भागात कोंबड्या सोडाव्यात व दोन भागांना विसावा द्यावा. गवत पुन्हा फुटते व जंतांचा जोर कमी होतो. गवत तीन-चार बोटे उंच असावे. जून, लांब गवताने गळ्याची पिशवी तुंबते. कुंपणाला शेवगा लावावा. सावली मिळते व पालाही. सांडपाण्यावर लसूणघासाचा एक वाफा करावा.

दोन गोष्टींपासून जपावे. पहिली बुरशी. इंग्लंडमध्ये १९६० साली बुरशीच्या भुईमूग पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्या तपासातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. तेव्हा ओली, काळपट किंवा वास येणारी पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. दुसरी गोष्ट म्हणजे औषध लावलेले पेरणीचे बी व फवारलेले शेत. पेरणी-फवारणीच्या दिवसांत कोंबड्या आतच ठेवाव्यात. आणि मानमोडीची लस वेळेवर टोचून घ्यावी. ती चुकली, तर वरचा सगळा हिशेब एका आठवड्यात पुसला जातो.

आम्ही आता दहाच कोंबड्या ठेवतो. अंडी पूर्वीपेक्षा कमी जमतात, पण उधारी नाही, शेजाऱ्यांशी बोलणे पुन्हा सुरू झाले आहे आणि घरातल्या मुलांच्या ताटात अंडे असते. विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर एवढेच करावे. परस पावलांनी मोजावे, घालतो ते खाद्य तोलावे आणि अंड्यांची नोंद वहीत ठेवावी. महिनाभराची ती वही आईपुढे ठेवा. किती कोंबड्या ठेवायच्या, ते तीच ठरवील.